हवेली शेवटी पाहा: लुइझियानाच्या ऊसमळ्यांवर गुलामगिरीचा इतिहास समजून घेताना

लुइझियानात मिसिसिपीच्या काठाने फिरताना जुन्या बंगल्यांच्या अंगणात आणि हॉटेलांच्या दारात मोठमोठ्या गोल लोखंडी कढया दिसतात. कुणी त्यात कमळं लावलेली असतात, कुणी कारंजं बसवलेलं असतं. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला ती वस्तू ओळखायला वेळ लागत नाही. ती काहील आहे, उसाचा रस आटवायची. बहुतेक पर्यटक तिच्याशेजारी फोटो काढतात आणि पुढच्या पांढऱ्या खांबांच्या हवेलीकडे वळतात, कारण प्लँटेशन म्हणजे हवेली असं त्यांना जाहिरातीत सांगितलेलं असतं.

खरं तर प्लँटेशन हा शेत आणि कारखाना यांचा जोड होता, आणि तिथले मजूर विकत घेतलेले होते. हवेली म्हणजे मालकाचं घर, कचेरी आणि बडेजाव. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाख ५३ हजार माणसं गुलाम म्हणून मोजली गेली, त्यातली तीन लाख तीस हजारांवर एकट्या लुइझियानात होती. हे समजून घ्यायचं असेल तर पाहण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी ऊस, मग काहील, मग कोठड्या, मग कागदपत्रं, आणि पाय दुखायला लागल्यावर हवेली.

मळा निवडताना

न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज यांच्यामध्ये नदीकाठी पाहण्यासारखे अनेक मळे आहेत, आणि प्रत्येकजण आपल्या वेबसाइटवर 'इतिहास' दाखवतो. तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी तपासा. गुलाम केलेल्या माणसांची नावं कुठे दिसतात का? त्यांच्या राहण्याच्या जागा साध्या तिकिटात येतात की वेगळे पैसे पडतात? आणि मुख्य फोटो कसला आहे, लग्नाचा की कोठडीचा? लग्नाचा मुद्दा किरकोळ नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये पिंटरेस्ट आणि द नॉट या दोन कंपन्यांनी प्लँटेशनवरच्या लग्नांचा प्रचार आवरायचं ठरवलं. तरीही बऱ्याच मळ्यांचा मोठा उत्पन्नाचा भाग आजही समारंभच आहे, आणि त्याचा परिणाम गाइड काय बोलतो यावर होतो.

एक दिवस असेल तर सकाळी व्हिटनी हा मळा आणि दुपारी लॉरा किंवा ओक ॲली यांपैकी एक मळा, एवढंच करा. टूर कंपन्या एका दिवसात तीन मळे, किंवा एक मळा आणि दलदलीतली मगरींची बोट असं पॅकेज विकतात. तिसऱ्या मळ्यावर पोचेपर्यंत सगळ्या कोठड्या सारख्या दिसू लागतात, आणि मगरीनंतर तर काहीच डोक्यात शिरत नाही. जुन्या गाइडबुकात नॉटोवेचं नाव ठळक सापडेल. ती प्रचंड हवेली १५ मे २०२५ रोजी आगीत जळाली, तेव्हा तिच्या भरवशावर बेत आखू नका.

कधी जावं, कसं जावं

मार्च-एप्रिल आणि नोव्हेंबर हे सगळ्यात सुसह्य महिने. जून ते सप्टेंबर दमट उष्मा इतका असतो की चाळिशीच्या पुढचं तापमान वाटतं, आणि या मळ्यांवरची पाहणी मुख्यतः उघड्यावर असते. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. २०२१ च्या आयडा वादळात व्हिटनीचं मोठं नुकसान झालं होतं. सोय आणि अर्थ दोन्ही साधायचे असतील तर नोव्हेंबर निवडा. तेव्हा तोडणी चालू असते, रस्त्यावर उसाच्या गाड्या असतात आणि साखर कारखान्याचा तो ओळखीचा आंबूस-गोड वास हवेत असतो. गाडी मात्र जपून चालवा, ट्रॅक्टरच्या चाकांची माती रस्त्यावर पडते आणि पावसात ती साबणासारखी होते.

न्यू ऑर्लिन्सहून व्हिटनीला मोटारीने तासभर लागतो. विमानतळ शहराच्या पश्चिमेला, म्हणजे याच वाटेवर आहे, त्यामुळे उतरल्या उतरल्या गाडी भाड्याने घेऊन थेट जाता येतं. आय-१० या महामार्गाने पश्चिमेकडे निघा, १९४ क्रमांकाच्या ग्रॅमर्सी एक्झिटला उतरा, एलए-६४१ ने ('एलए' म्हणजे लुइझियानाचा राज्य रस्ता) दक्षिणेकडे जाऊन व्हेटरन्स मेमोरियल पूल ओलांडा आणि एलए-१८ गाठा. पूर्वेकडे मैल-दीड मैलावर व्हिटनी, पश्चिमेकडे व्हॅशरी गावाजवळ लॉरा आणि तिच्या थोडं पुढे ओक ॲली.

इथे हमखास एक घोळ होतो. 'रिव्हर रोड' नदीच्या दोन्ही काठांना आहे: पूर्व काठाला एलए-४४, पश्चिम काठाला एलए-१८. फोनवर नुसतं 'रिव्हर रोड' टाकून निघालात तर समोरच्या काठावर पोचाल आणि पूल गाठायला पुन्हा मैलोगणती जावं लागेल. सार्वजनिक बस धरून चालू नका. गाडी चालवायची नसेल तर न्यू ऑर्लिन्सहून निघणारी बस-टूर घ्या, पण ती मळ्यावर किती वेळ थांबते ते विचारा. दोन तासांपेक्षा कमी असेल तर सोडून द्या.

तिकीट माणशी साधारण २५ ते ३५ डॉलरपर्यंत जातं. व्हिटनी मंगळवारी बंद असतं. थँक्सगिव्हिंग आणि नाताळला बहुतेक मळे बंद असतात, आणि ह्यूस्टनहून लाँग वीकेंडला निघणारी कुटुंबं नेमकी तिथेच फसतात. व्हिटनीत दोन प्रकार आहेत, गाइडबरोबर ठरलेल्या वेळेला किंवा फोनवरच्या ॲपचं निवेदन ऐकत स्वतः. पहिल्यांदा जाणाऱ्याने गाइड घ्यावा. ॲप घेणार असाल तर ते हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या आणि हेडफोन विसरू नका. स्मारकापुढे फोनचा स्पीकर लावून उभं राहणं बरं दिसत नाही.

आदली संध्याकाळ: न्यू ऑर्लिन्स

मळ्यावर माणसं आली कुठून, हे शहरात कळतं. १ जानेवारी १८०८ पासून बाहेरून गुलाम आणण्यावर कायद्याने बंदी आली, म्हणून देशातल्या देशात विक्री वाढली. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून सुमारे दहा लाख माणसं दक्षिणेच्या कापूस आणि उसाच्या प्रदेशात नेली गेली, आणि न्यू ऑर्लिन्स ही त्या व्यापाराची सगळ्यात मोठी पेठ झाली. सॉलोमन नॉर्थप या स्वतंत्र माणसाला पळवून १८४१ मध्ये इथेच विकलं. फ्रेंच क्वार्टरमध्ये त्या बाजारांच्या जागांवर फलक आहेत. चार्टर्स स्ट्रीटवर ओम्नी रॉयल हॉटेलच्या भिंतीत जुन्या इमारतीवरची 'चेंज' ही अर्धवट अक्षरं अजून दिसतात. तो 'एक्स्चेंज' शब्दाचा उरलेला तुकडा आहे. लिलाव त्या इमारतीत होत. तिथून चालत आर्मस्ट्राँग पार्कमधल्या काँगो स्क्वेअरला या. रविवारी गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय इथे जमून बाजार मांडत, ढोल वाजवत, नाचत. दोन्ही मिळून दोन तास पुरतात.

सकाळ: व्हिटनी

पहिली वेळ घ्या. ऊन तापायच्या आत स्मारकं पाहून होतात, तिथे सावली कमी आहे.

१७५२ मध्ये अँब्रोज हायडेल या जर्मन वसाहतकऱ्याने हा मळा सुरू केला. आधी नीळ, नंतर ऊस. १९९९ मध्ये जॉन कमिंग्ज या वकिलाने तो विकत घेतला, डिसेंबर २०१४ मध्ये लोकांसाठी उघडला आणि २०१९ मध्ये ना-नफा संस्थेकडे सोपवला. सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक इथल्या संशोधनाचे प्रमुख. मालकाच्या कुटुंबाची कहाणी न सांगता गुलामांचीच सांगायची, असं पहिल्या दिवसापासून ठरवलेला हा लुइझियानातला पहिला मळा.

सुरुवात चर्चपासून होते. आत वुडरो नॅश यांनी घडवलेली मुलांची मातीची शिल्पं बाकांवर, जमिनीवर बसलेली, उभी आहेत. मुलंच का, याचं उत्तर साधं आहे. १९३६ ते १९३८ दरम्यान सरकारी प्रकल्पात गुलामगिरीत जन्मलेल्या ज्या २३०० हून जास्त माणसांच्या आठवणी टिपून घेतल्या, ती बहुतेक मुक्तीच्या वेळी मुलं होती. गुलामगिरी सांगायला उरलेला साक्षीदार हा बहुधा कुणाचं तरी लहानपण होता.

पुढे नावांच्या भिंती. 'वॉल ऑफ ऑनर'वर या मळ्यातली साडेतीनशेवर नावं आहेत. त्यानंतरच्या ग्रॅनाइटच्या रांगांवर लुइझियानातली १,०७,००० नावं. ती ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी न्यायालयं आणि नोटरींच्या जुन्या दप्तरांतून वर्षानुवर्षं वेचून काढली. घाईने एक चक्कर मारू नका. एक पाटी निवडा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. आडनाव जवळजवळ नाहीच. ग्रीक-रोमन नावं मालकाने ठेवलेली. मध्येच 'काँगो', 'बांबारा', किंवा मुसलमानी नाव दिसतं, तिथे माणसाचा मूळ मुलूख डोकावतो.

'फील्ड ऑफ एंजल्स' हा तिसरा भाग. या एका परगण्यात १८२३ ते १८६३ दरम्यान वारलेल्या २२०० गुलाम बालकांची नावं तिथे आहेत, तीही चर्चच्या दफननोंदींतून मिळालेली. १८११ च्या उठावाचं स्मारकही इथे आहे. ८ जानेवारी १८११ रोजी मॅन्युएल आंद्रीच्या मळ्यावरून चार्ल्स देलॉन्द आणि त्याचे साथी न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने निघाले, वाटेत माणसं मिळत गेली, अमेरिकेतल्या मोठ्या उठावांपैकी तो एक ठरला. तो चिरडल्यावर पकडलेल्यांची मुंडकी नदीच्या बांधावर काठ्यांना लावली. स्मारकात तीच शिल्पं आहेत. दहा-अकरा वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे न्यायचं की नाही, हे आत जाण्याआधी ठरवा.

एक सावधगिरी: इथलं सगळंच मूळ जागेवरचं नाही. चर्च दुसरीकडून आणलं आहे. काही कोठड्या दुसऱ्या मळ्यातून आल्या. लोखंडी तुरुंग १८६८ चा, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरचा. गाइड हे सांगतात, पण उन्हात ते कानाआड होतं आणि मग 'गुलामांना या पिंजऱ्यात ठेवत' अशी फोटोची ओळ लिहिली जाते.

काहिलीपाशी थांबा

मराठी वाचकाला इतर पर्यटकांपेक्षा इथे जास्त दिसू शकतं. आपल्याकडे साध्या गुऱ्हाळात एका काहिलीत रस आटतो. लुइझियानात एका लांब चुलवाणावर चार किंवा जास्त कढया ओळीने बसवत, मोठीपासून लहानपर्यंत, आणि त्यांना फ्रेंच नावं होती: ग्राँद, फ्लांबो, सिरो, बात्री. मोठी कढई धुराड्याच्या बाजूला, सगळ्यात लहान बात्री थेट जाळावर. रसात चुना टाकायचा, मळी काढायची, आणि घट्ट होत जाणारा उकळता पाक लांब दांड्याच्या पळ्यांनी हाताने एका कढईतून पुढच्यात टाकायचा. पाक कातडीला चिकटतो आणि पाण्यासारखा झटकता येत नाही, हे गुऱ्हाळावरच्या माणसाला सांगायला नको. चरकात हात सापडणं हा दुसरा नेहमीचा अपघात.

त्यावर हवामानाची घाई. ऊस उष्ण प्रदेशातला. लुइझियानात हिवाळ्यात गोठण पडते आणि गोठलेल्या उसातली साखर कमी होते. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून नाताळच्या आसपासपर्यंत सगळा ऊस तोडून, गाळून, आटवून संपवायचाच, रात्रंदिवस पाळ्या लावून. या हंगामाला 'रुलेझाँ' म्हणत. साखरेच्या परगण्यांत गुलामांचे जन्म कमी आणि मृत्यू जास्त होते, आणि खोट बाजारातून भरून काढली जाई. कालच्या फलकांचा आणि आजच्या काहिलीचा संबंध इथे जुळतो.

याच जाळातून एक यंत्र निघालं. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ मध्ये जन्मलेल्या नॉर्बर्ट रिल्यू यांनी एका भांड्याची वाफ पुढचं भांडं तापवायला वापरणारं निर्वात बाष्पीभवनयंत्र केलं आणि १८४३ व १८४६ मध्ये त्याची पेटंटं घेतली. ते स्वतः मुक्त होते, त्यांची आई आफ्रिकी वंशाची. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांतले रांगेने उभे असलेले इव्हॅपोरेटर त्याच तत्त्वावर चालतात.

दुपार: लॉरा किंवा ओक ॲली

दोन्हींतलं एकच निवडायचं तर लॉरा. १८०५ च्या सुमाराचं हे क्रिओल घर पांढरं नाही, भडक रंगांचं आहे, आणि मागे गुलामांच्या मूळ कोठड्या उभ्या आहेत. एका कोठडीत दोन कुटुंबं, मध्ये सामायिक चूल, दोन दारं. दारातून आत पाहताना खोलीची लांबी पावलांनी मोजा आणि किती माणसं निजत असतील त्याचा अंदाज करा. महत्त्वाचा आकडा मात्र पुढचा आहे. या कोठड्यांत १९७७ पर्यंत माणसं राहत होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केलं, तेव्हा मुक्तीला आठ वर्षं झाली होती. कायदा बदलला होता, कोठडी तीच होती. मजुरी मिळे, पण जमीन, घर आणि दुकान मालकाचंच. १८८७ मध्ये थिबोदो गावी ऊसमजुरांनी ऐन हंगामात संप केला, तेव्हा २३ नोव्हेंबरला गोऱ्या टोळ्यांनी किमान ३० जणांना मारलं.

ओक ॲलीचं आकर्षण २८ ओकची दुहेरी रांग. झाडं हवेलीपेक्षा शंभरेक वर्षं जुनी, हवेली १८३७-३९ ची. इथे मिंट जुलेप नावाचं मद्य विकतात आणि ग्लास हातात घेऊन कोठड्यांकडे जाणारे लोक दिसतात. निदान तेवढं टाळा. कोठड्या पुन्हा बांधलेल्या आहेत, पण आतलं प्रदर्शन काळजीपूर्वक केलं आहे. आंत्वान या गुलाम माळ्याची गोष्ट शोधा. १८४६ च्या सुमाराला त्याने पातळ कवचाच्या पिकॅनची कलमं यशस्वी केली, आणि त्या वाणाला १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात बक्षीस मिळालं. आंत्वानचं आडनाव कुठेच नोंदलेलं नाही.

हवेलीत गेल्यावर जेवणघरात टेबलावर टांगलेली लाकडी फळी बघा. दोरीने ओढायचा पंखा आहे तो. ओढायला बहुधा एक गुलाम मुलगा कोपऱ्यात उभा. मिसिसिपीतल्या नॅचेझच्या मेलरोज हवेलीत अशाच वस्तूला 'पंखा' हाच आपल्याकडून गेलेला शब्द वापरतात. टेबलावर काय बोललं जाई, ते सगळं त्या मुलाला ऐकू येई.

काय विचारावं, कसं बोलावं

हल्ली गाइड 'स्लेव्ह' ऐवजी 'एन्स्लेव्ह्ड पर्सन' म्हणतात, म्हणजे गुलाम केलेला माणूस. गुलाम असणं हा त्याचा स्वभाव नव्हता, ते त्याच्यावर लादलेलं होतं, एवढंच त्यातून सांगायचं असतं. 'सर्व्हंट' म्हणू नका. आपल्याकडून सहज निघणारा हा शब्द तिथे गुलामगिरी सौम्य करण्यासाठी वापरला गेलेला आहे. 'मालक चांगला होता का' हा प्रश्नही निरर्थक. चांगला मालकसुद्धा कर्ज झालं की माणसं विकत असे. उपयोगी प्रश्न असे: इथे किती माणसं होती आणि कुठल्या साली? मालक मेल्यावर त्यांची वाटणी कशी झाली? त्यांची दफनभूमी कुठे आहे? त्यांचे वंशज आज जवळ राहतात का, आणि या संग्रहालयात त्यांचं काय चालतं? शेवटच्या प्रश्नाला गाइड अडखळला तर मळ्याबद्दल बरंच कळतं.

गाइड कृष्णवर्णीय असेल तर 'तुमच्या घराण्यात कुणी गुलाम होतं का' असं आपणहून विचारू नये. कोठडीच्या उंबऱ्यावर हसरे ग्रूप फोटो नकोत.

प्रदर्शनात मालमत्तेची यादी दिसली की ओळीने वाचा: नाव, वय, काम, किंमत, आणि त्याच कागदावर खाली खेचरं आणि कढया. 'क्रिओल' म्हणजे वसाहतीत जन्मलेला, रंगाशी त्याचा संबंध नाही. घरी येऊन पुढे वाचायचं असेल तर १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या जनगणना-याद्या ऑनलाइन आहेत, पण त्यात मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग आहे. बहुसंख्य माणसांचं नाव जनगणनेत पहिल्यांदा १८७० मध्ये येतं. त्यामुळे आपले पूर्वज शोधणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा माग बहुधा तिथे तुटतो. १९३० च्या दशकातल्या आठवणी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. वाचताना ध्यानात ठेवा की प्रश्न विचारणारे बहुतेक गोरे होते आणि उत्तर देणारे म्हातारे, गरीब, त्याच गावात राहणारे. 'तसं बरं चाललं होतं' हे वाक्य तसंच्या तसं घेऊ नये.

खाणं, पाय, पाणी

बंद बूट घाला. गवतात लाल मुंग्यांची वारुळं असतात आणि त्या सँडलमधल्या पायाला सोडत नाहीत. माणशी लिटरभर पाणी, टोपी, डासांचं मलम, छत्री. शाकाहारी असाल तर डबा बरोबर न्या. गंबो आमटीसारखं दिसतं, पण त्यात मांस किंवा कोळंबी असतेच, आणि राजम्यासारख्या दिसणाऱ्या रेड बीन्समध्ये सॉसेज असतं. गंबो हा शब्द मात्र भेंडीचा आहे, आफ्रिकेतल्या बांटू भाषांतून माणसांबरोबर आलेला. आपल्याकडे गुऱ्हाळात रसाची मळी काढायला भेंडीचंच पाणी टाकतात.

लुइझियाना जमत नसेल तर

वॉशिंग्टनजवळ राहणाऱ्यांना व्हर्जिनियातलं मॉन्टिचेलो एका दिवसात होतं. ते राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचं घर आणि मळा. त्याने आयुष्यात ६०७ माणसं गुलाम म्हणून बाळगली. तिथे मलबेरी रो (गुलामांच्या कामाची आणि राहण्याची गल्ली) आणि जेफरसनच्या गुलामीत असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्यावरचं प्रदर्शन आधी, घर नंतर. साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळ मॅक्लाउड मळा आणि २०२३ मध्ये गॅड्सडेन धक्क्यावर उघडलेलं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम ही जोडी चांगली. फ्लोरिडात जॅक्सनव्हिलजवळचा किंग्जली मळा नॅशनल पार्क सेवेकडे आहे. शिंपल्यांच्या चुन्याच्या कोठड्या तिथे अर्धवर्तुळात उभ्या आहेत.

व्हिटनीहून परत जाताना लगेच पूल ओलांडू नका. दहा मिनिटं एलए-१८ ने पूर्वेकडे जा आणि सुरक्षित जागी गाडी लावून नदीच्या बांधावर चढा. पलीकडे रसायन कारखान्यांची धुराडी दिसतील. बॅटन रूजपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंतच्या या पट्ट्याला 'कॅन्सर ॲली' म्हणतात, आणि अनेक कारखाने जुन्या मळ्यांच्या सलग जमिनींवर उभे आहेत. मळे संपल्यावर मुक्त झालेल्यांनी त्यांच्या कडेला वसवलेली गावं आता या कारखान्यांच्या कुंपणाला लागून आहेत. त्यातल्याच वॉलेस गावात धान्याचं प्रचंड गोदाम येणार होतं. जॉय आणि जो बॅनर या जुळ्या बहिणींच्या 'द डिसेंडंट्स प्रोजेक्ट'ने ते कोर्टात आणि गावात लढवलं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने बेत सोडला. त्याच वर्षी संस्थेने लाप्लासमधलं ते घर विकत घेतलं, जिथून १८११ चा उठाव निघाला होता.